कर्त्या माणसाचं उत्तर

आमच्या घरातल्या बायका काही करत नाहीत, असं आप्पा सांगत. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत हे वाक्य बढाई म्हणून बोललं जाई. घरची बाई रिकामी बसते म्हणजे घरचा पुरुष पुरेसा कमावतो, असा त्याचा अर्थ होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, हातमागावर साड्या विणत, आणि विणकर म्हणून त्यांचं नाव होतं. ते नाव वाजवी होतं, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. त्यांच्या साडीचा काठ कुठे वाकडा गेला असं या गोष्टीतल्या दिवसांपर्यंत कुणी दाखवू शकलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

घराचा सोपा हाच कारखाना होता. जमिनीत दोन खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यावर एक माग. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडी. एका मागावर आप्पा बसत, दुसऱ्यावर माझा थोरला भाऊ, अण्णा. मागच्या खोलीत, चुलीशेजारी, रहाट होता. रहाटापाशी आई बसे आणि शाळा सुटल्यावर मी. विणताना धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुतानं भरलेली बोटभर नळी असते. तिला कांडी म्हणतात. आडवा धागा त्या कांडीतून सुटत जातो. कांडी संपली की माग थांबतो. कांड्या रहाटावर भरायच्या, त्याआधी लड्या सोडवायच्या, उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावायची, तुटलेले धागे सांधायचे. हे सगळं मागच्या खोलीत होत असे. सोप्यातून खटक्-खट् आवाज येई आणि त्याच्या खालून रहाटाची घरघर. घरघर सकाळी आधी सुरू होई आणि सगळ्यांत शेवटी थांबे. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र मागच ऐकू येत.

खळ पिठाची असे आणि घरच्याच चुलीवर शिजे. एका वायलावर आमटी, दुसऱ्यावर खळ. दोन्हींचा मिळून घराला एक वास होता, थोडा आंबूस, थोडा फोडणीचा. पाहुणे विचारत, काय शिजतंय? आई सांगे, "एक आमचं जेवाण, एक साडीचं." साडीचं आधी उतरे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी असं आमचं रोजचं खाणं. आप्पा आणि अण्णा मागावरून उठले की ताट तयार लागे. आम्ही दोघी नंतर जेवत असू, तेही एकामागून एक, कारण रहाट दोघींसाठी मिळून थांबवता येत नसे. आप्पा आईला नावानं हाक मारत नसत. त्या काळी कुणीच मारत नसे, पण बाकीचे निदान "अगं" तरी म्हणत. आप्पा खड्ड्यात बसल्या बसल्या ओरडत, "कांडी!" आई उठे. माझ्या लहानपणी बराच काळ मला ते आईचं नाव वाटत असे.

मागच्या महिन्यात टिळकवाडीतल्या माझ्या घरी एक तरुण मुलगी टॅबलेट घेऊन पाहणीसाठी आली. घरातल्या प्रत्येकीला ती वेगळं बसवून विचारत होती. काल सकाळी उठल्यावर काय केलंत, मग काय, त्यानंतर काय. मी वर्तमानपत्रात आयुष्य काढलेली बाई, मी निवृत्त आहे असं सांगून मोकळी होत होते. ती म्हणाली, "आजी, आत्ता मला चहा केलात ना, तोही सांगा." प्रश्न नीट रचलेले होते. ती गेल्यावर मला धारवाडच्या बाई आठवल्या, आणि इतक्या वर्षांनी राग जागच्या जागी सापडला. म्हणून हे लिहिते आहे.

त्या बाई आमच्या गल्लीत आल्या तेव्हा माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. मी पहिल्या वर्गात पास झाले होते. अण्णा त्याच परीक्षेत दोनदा अडकून मागावर आला होता. मला कॉलेजात जायचं होतं. आप्पांनी जेवताना निकाल दिला, "बास झालं शिक्षान. घरात हात कमी पडत्यात." बाहेर कुणी विचारलं तर ते म्हणत, "बसून खात्या, खाऊ दे की. आमाला काय जड न्हाय." घरात हात कमी आणि बाहेर बसून खाते, ही दोन वाक्यं एकाच तोंडातून, कधी कधी एकाच दिवशी येत.

बाई एका संस्थेच्या पाहणीवर होत्या. दहावीनंतर मुली शाळा का सोडतात, मुलगे का सोडत नाहीत, घरातल्या कामाचा त्याच्याशी काय संबंध, हे त्यांना शोधायचं होतं. देवळाच्या कट्ट्यावर त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. ज्या घरातल्या बायका मागाचं काम करतात असं पाहणीत दिसेल, त्या घरातल्या पास झालेल्या मुलीच्या कॉलेजचा खर्च संस्था करणार होती. मी ते ऐकलं, आईनं ऐकलं, आप्पांनीही ऐकलं. ऐकलं नव्हतं असं त्यांना पुढे कधी म्हणता आलं नाही. पाहणीची रीत अशी होती की उत्तर घरातल्या कर्त्या माणसाचं घ्यायचं. बायकांना विचारलं तर त्या नवऱ्याकडे बघतात, मग नवऱ्यालाच विचारलेलं बरं, असं वरून ठरून आलं होतं.

बाई सोप्यात खुर्चीवर बसल्या. आप्पा मागावरून उठले नाहीत. दारात शेजारपाजारचे चारजण उभे होते, कारण गल्लीत खुर्चीवर बसून प्रश्न विचारणारी बाई रोज येत नसे. मी मागच्या खोलीच्या दारात होते. आई रहाटावर होती आणि रहाट चालू होता.

"घरातल्या बायका मागाचं काही काम करतात का री?" बाईंनी विचारलं. त्यांचं 'री' म्हणजे कानडीतलं 'अहो'.

"छे, छे. आमच्यात न्हाय तसलं," आप्पा म्हणाले. "घरात असत्यात. रांधायचं, वाढायचं."

"मुलगी?"

"ती काय करणार? बसून असत्या."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग हा आवाज कसला?"

"त्यो व्हय? वेळ जाईत न्हाय बायकांचा. चाळा हाय त्यो."

दारातले हसले. तेवढ्यात आप्पांचा धोटा रिकामा झाला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून हाक गेली, "कांडी!" आई बाहेर आली. एका हातात बाईंचा चहा, दुसऱ्या हातात कांड्यांची बुट्टी. बाईंनी दोन्ही पाहिलं. चहा घेतला आणि आप्पांचं उत्तर लिहिलं. रीत पाळली त्यांनी. रीत पाळणाऱ्यांवर मी नोकरीत पुष्कळ वेळा टीका लिहिली आहे, आणि प्रत्येक वेळी मला तो चहाचा कप दिसला आहे.

बाई निघाल्या तेव्हा आई उंबऱ्यापर्यंत गेली.

"बाई, मालकांनी सांगितलं ते लिवलंसा?"

"हो. पडताळायला मी परत येणार आहे."

"या. तवर आमी ते खरं करून ठेवतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी अशाच पुरुषी रूपात बोलतात, येतो, जातो, करतो. बाईंना त्यात काही विशेष वाटलं नसावं. आई आत आली. रहाटाच्या चाकावरची दोरी तिनं उतरवली, गुंडाळली आणि ज्वारीच्या डब्यात टाकली. मग हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. आदल्या दिवशीच्या उरलेल्या कांड्या संपेपर्यंत चालले. मग आप्पांनी हाक मारली. पुन्हा मारली. आई पदराला हात पुसत सोप्यात आली.

"काय पायजे?"

"कांडी."

"आमी कुठं करतो ते? चाळा हुता, सोडला."

अण्णा हसला. आप्पाही हसले. "लई शानी झालीस," म्हणाले आणि थांबून राहिले, कांड्या येतील म्हणून. दुपारी ताटं आली. त्यात कडबू होते. सणाशिवाय आमच्या घरी कडबू होत नसत, कारण पुरण वाटायला आणि एकेक कडबू मुरडायला वेळ लागतो, आणि आईकडे तो कधी नसे. आता होता. आप्पांच्या उत्तरात रांधणं आणि वाढणं होतं, ते आईनं काटेकोर पाळलं. दुसऱ्या दिवशी वरण, भात, दोन भाज्या, ताजं लोणी. मी घरात इतकं चांगलं कधी जेवले नव्हते. आप्पा पहिल्या दिवशी मिटक्या मारत जेवले. पुढे प्रत्येक ताटाबरोबर त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला. आई उभी राहून वाढत होती, "आणि एक घ्या की. काम न्हाय, पोटभर खावा."

जेवणं झाली की ती उंबऱ्यावर येऊन बसे. मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून. आमच्या गल्लीनं त्या बाईचे हात रिकामे पाहिले नव्हते. समोरची म्हातारी विचारायला आली, "अनसाक्का, बरं न्हाय काय गं?"

"झ्याक हाय की," आई मोठ्यानं म्हणाली. "आमच्यात बायका काय करत न्हाईत. तुमास्नी ठावं न्हाय व्हय? आमच्या मालकांनी सर्वेला सांगितलंय."

मी तिच्या शेजारी बसून राहत असे. मला ते दिवस पूर्ण आठवतात आणि ते सुखाचे होते. रहाट नाही, माग नाही. त्या शांततेत शेजारच्या घरांतले रहाट स्पष्ट ऐकू येत होते. किती घरांतून घरघर येते आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अण्णानं गुपचूप नवी दोरी आणली आणि स्वतः रहाटावर बसला. पण रहाट हे बायकांचं. पुरुष रहाटावर दिसला तर गल्लीत त्याला नाव पडे आणि ते नाव मरेपर्यंत सुटत नसे. म्हणून त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. आईनं जाऊन दार उघडलं.

"उजेड येऊ दे की रं. सूत दिसाय नगं?"

"आये, दार लाव. लोक बघत्यात."

"बघू देत. चाळा तर करायलास. चाळ्याला काय लाजायचं?"

तो लावी, ती उघडी. शेजारची पोरं परसातून डोकावून गेली आणि संध्याकाळच्या आत त्याला नाव पडलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण अण्णा आज हयात आहे. गल्लीत अजून चालतं. त्यानं भरलेल्या कांड्या ढिल्या होत्या. धोट्यात बसवल्या की धागा सुटत न येता गुंताच्या गुंता बाहेर पडे. आप्पांनी त्याच वापरल्या. साडीच्या अंगात गाठी आल्या आणि काठ एका जागी आत ओढला गेला. आप्पा त्या जागेवर अंगठा फिरवत बराच वेळ बसले. मी दारातून पाहत होते. मला वाईट वाटलं नाही.

अशात निपाणीहून मावशी आली. ती तिथल्या तंबाखूच्या वखारीत तंबाखू निवडायला जाई. तिच्या लुगड्याला कायम तो वास असे आणि ती आली की आप्पांना शिंका येत. वखारीत जाणारी म्हणून आप्पा तिला कमी लेखत. तिनं बंद माग पाहिले, आईकडून सगळं ऐकून घेतलं आणि सोप्यात येऊन म्हणाली, "दाजी, आमच्या वखारीत येतासा काय? तितं बाप्यांस्नी बी कामं हाईत. यत नसलं तर शिकवून घेत्यात." आप्पा उत्तर द्यायला गेले आणि त्यांना शिंक आली, आणि आमच्याकडे शिंक म्हणजे बोललेलं खरं असल्याचा कौल. मावशी म्हणाली, "सत्य हाय."

आप्पा आईवर हात उगारून पुढे झाले ते त्याच दिवशी. हात खाली आला नाही. याचं श्रेय मी त्यांना देत नाही. दार उघडं होतं.

मग त्यांनी मला बोलावलं. आवाज मऊ केला होता. "शालन, तू तरी बस गं रहाटावर. तुज्या आईचं डोस्कं फिरलंय."

"मी बसून असतो, आप्पा," मी म्हणाले. "तुमीच सांगितलासा."

हे वाक्य बोलताना मी सोळा-सतरा वर्षांची होते. नंतरच्या आयुष्यात मी बरीच वाक्यं लिहिली आणि छापली. इतकं नेमकं एकही साधलेलं नाही.

पेठेतल्या व्यापाऱ्याला आप्पांनी लग्नसराईच्या साड्यांचा शब्द दिला होता. तो शब्द मोडला असता तर पुढचा माल दुसऱ्या विणकराकडे गेला असता. व्यापाऱ्याचा निरोप आला की परवा स्वतः येतो. त्या संध्याकाळी आप्पा चुलीपाशी आले. ते तिथे सहसा येत नसत, खळीच्या पातेल्याला पाय लागला.

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

"सर्वेच्या बाई परत येणार हाईत," आई म्हणाली. "त्यास्नी खरं सांगा. पोरगी कालेजात जाईल."

"गल्लीसमोर सांगू? माजी काय अब्रू ऱ्हाईल?"

"खोटं कुणासमोर सांगितलासा?"

बाई पडताळणीला आल्या त्या दिवशी व्यापारीही आलेला होता. गल्लीही होती. आईनं दार पूर्ण उघडून ठेवलं होतं. बाईंनी आधी थांबलेल्या मागांकडे पाहिलं, मग आपले कागद पाहिले. "घरातल्या बायका मागाचं काम करत नाहीत. बरोबर ना री?"

आप्पा जमिनीकडे बघून काहीतरी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा," आई म्हणाली. "बाईंना मागच्या खेपेला रहाट बी ऐकू आला न्हवता."

बाईंची मान खाली गेली. आप्पांची वर झाली. "करत्यात," ते म्हणाले.

"काय करतात?"

"कांड्या भरत्यात. खळ. सांधणी. लड्या सोडवत्यात."

"तुम्ही काय करता?"

"मी विणतो."

"त्यांनी नाही केलं तर?"

आप्पांनी मागाकडे हात केला. व्यापारी खाकरला. दारातलं कुणी हसलं नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात रहाट होता आणि त्यांच्या बायका मागे उभ्या होत्या.

"काम करणाऱ्या बाईचं नाव सांगा," बाई म्हणाल्या.

आप्पांनी दाराकडे पाहिलं. आई चुलीकडे निघून गेली नाही, त्यांच्याकडे बघत उभी राहिली. अखेर त्यांनी नाव घेतलं. अनसूया. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. आईनं ज्वारीचा डबा उघडला, दोरी झटकली आणि अण्णाच्या दोरीच्या जागी चाकावर चढवली.

मी कॉलेजात गेले. माझ्या वाटणीच्या कांड्या अण्णाला भराव्या लागल्या, दार उघडं ठेवून. मग पदवी झाली आणि बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मला नोकरी लागली. आप्पा लोकांना सांगत, "पेपरात बसत्या." पुढे सलोखा झाला का, असं लोक विचारतात. झाला नाही. आप्पा आईशी कामापुरतंही बोलेनासे झाले. कांडी संपली की मागाच्या लाकडावर टिचकी मारत.

आई आधी गेली. आमच्या दैनिकात गावातल्या निधनाच्या बातम्या ठरलेल्या क्रमानं येतात. नाव, पेठ, व्यवसाय, मागे कोण. मी घरी होते, दुःखात होते, त्यामुळे मजकूर देण्यासाठी आप्पांनी अण्णाला कार्यालयात पाठवलं. सकाळी मी आमचंच वर्तमानपत्र उघडलं. नाव आणि पेठ यांच्यानंतर ओळ होती, "त्या घरीच असत." आमच्याकडे अशी ओळ कधी छापत नसत. फार तर गृहिणी असं जाई. मी अण्णाला विचारलं. तो म्हणाला, "आप्पानं शब्दाला शब्द सांगितलंतं. हापिसातल्या पोरानं तसंच लिवलं." मी आप्पांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

ते पान मी नंतर कापून ठेवलं. बातमीला वेळ लागतो, हे मी तोवर शिकले होते.

पुढे हातमाग परवडेनासे झाले. अण्णानं खड्डे बुजवून फरशी घातली. आप्पांची शेवटची बरीच वर्षं त्या फरशीवर खुर्ची टाकून गेली. घर, औषधं, फरशीसुद्धा, माझ्या पगारावर चालत होतं. ते वारले तेव्हा स्थानिक पानाचं काम माझ्याकडे होतं. बातमी मीच लिहिली. नाव लिहिलं. शहापूर लिहिलं. मग लिहिलं, "ते घरीच असत." मागे कोण ते लिहिलं आणि पान छपाईला सोडलं.

सकाळी अण्णाचा फोन आला. "शालन, काय लिवलंस गं हे? बापानं जन्मभर माग चालवला."

"विचारून लिहिलंय."

"कुणाला विचारलंस?"

"घरातल्या कर्त्या माणसाला."

"कोण कर्ता माणूस? मी तर काय बोललो न्हाई."

"मलाच विचारलं," मी म्हणाले.

बातमीत चूक निघाली तर आमचं दैनिक दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतं. त्या बातमीची दुरुस्ती छापली गेली नाही.